ट्रान्सफरच्या आधी पिशवीचा रक्तपुरवठा "वाढवायचा" म्हणजे नक्की काय करायचं?

पाऊसवेडी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, जरा सांभाळून घ्या.

आमचं आयव्हीएफ चालू आहे. आधीचं ट्रान्सफर लागलं नाही, आता फ्रोझन एम्ब्रियो आहेत ते पुढच्या पाळीनंतर ट्रान्सफर करू असं ठरतंय. मागच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर लिहिलंय पिशवीचं अस्तर ८.४ मिमी, ट्रिपल लाइन, आणि खाली 'व्हॅस्क्युलॅरिटी झोन २' (म्हणजे रक्त अस्तरात कुठवर पोचतंय ते). डॉक्टर म्हणाले ठीक आहे, आणि तेवढ्यात पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. घरी येऊन मी नको तेवढं वाचत बसले, कुठे म्हणतात झोन ३ किंवा ४ पर्यंत रक्त पोचलं पाहिजे, कुठे म्हणतात त्याने काही फरक पडत नाही, आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर प्रत्येकीचा वेगळाच उपाय, बीट खा डाळिंब खा इथपासून इकोस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिन), पोटात घ्यायची क्लेक्सेनची (हेपॅरिनची, रक्त पातळ करायची) इंजेक्शनं, एकीला तर व्हायाग्रातलं औषध खाली ठेवायला दिलंय म्हणे. सासूबाई म्हणतात ओटीपोटाला गरम पाण्याची पिशवी धर, आई म्हणते अजिबात नको.

हे सगळं कमी होतं की काय म्हणून परवा एका लेखात वाचलं की गर्भ रुजल्यावर पहिले १०-१२ आठवडे आईचं रक्त वारेत (प्लासेंटात) नीट जातच नाही, रक्तवाहिन्यांची तोंडं बंद असतात. मग आपण सगळ्याजणी कुठलं रक्त वाढवायला निघालोय? गर्भ रुजतो तेव्हा पिशवीतल्या रक्तवाहिन्यांचं नक्की काय होतं हे कुणी साध्या भाषेत सांगेल का? औषधं नकोयत, ती डॉक्टरच देतील. मला फक्त समजून घ्यायचंय.

तात्या_विंचूरकर

टेन्शन घेऊ नका. रोज एक ग्लास बीट गाजर डाळिंब. आमच्या सुनेला दोन महिन्यात गुण आला. रक्त वाढलं की सगळं रुळावर येतं.

खवचट_खान

तात्या, हिमोग्लोबिन वाढणं वेगळं आणि पिशवीकडे जाणारा रक्ताचा प्रवाह वेगळा, धागाकर्ती दुसऱ्याबद्दल विचारतेय. बाकी ज्यूस प्या की, कोण नाही म्हणतंय.

स्लाइडवाली

पाऊसवेडी, प्रश्न आवडला. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, त्यामुळे रिपोर्ट वाचून उपचार सांगणार नाही, पण या रक्तवाहिन्या मी जवळजवळ रोज मायक्रोस्कोपखाली बघते तेव्हा थोडं लांबण लावते.

गर्भाशयाला रक्त येतं ते मुख्यतः दोन बाजूंच्या दोन युटेराइन आर्टरींमधून. त्यांच्या फांद्या भिंतीत आडव्या कमानीसारख्या पसरतात, कमानींतून आत अस्तराच्या दिशेने उभ्या फांद्या निघतात, आणि अस्तराच्या वेशीवर प्रत्येकीचे दोन प्रकार होतात. आखूड आणि सरळ असतात त्या अस्तराच्या तळच्या थराला रक्त देतात, हा थर पाळीत गळत नाही. लांब आणि मळसूत्री असतात त्या वरच्या थरात शिरतात, त्यांना स्पायरल आर्टरी म्हणतात. हॉर्मोन्सचं सगळ्यात जास्त ऐकणारी मंडळी ही. १९४० मध्ये मार्की नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने माकडिणींच्या अस्तराचे बारीक तुकडे त्यांच्याच डोळ्यात, बुबुळाच्या पुढच्या पोकळीत बसवले आणि पारदर्शक कॉर्नियातून महिनाभर काय होतं ते बघत बसला. (आज कुठली एथिक्स कमिटी परवानगी देईल!) प्रोजेस्टेरॉन उतरलं की अस्तर आक्रसतं, वेटोळी आणखी घट्ट होतात, मग धमन्या आवळतात आणि त्यानंतर रक्तस्राव, हा क्रम त्याने जिवंत बघितला.

आता तुझ्या प्रश्नाकडे. ओव्ह्युलेशननंतर प्रोजेस्टेरॉन चढतं तसं अस्तर पाणी धरून फुगतं, केशवाहिन्यांतून द्रव जास्त पाझरायला लागतो, आणि साधारण २८ दिवसांच्या पाळीत २३व्या दिवसाच्या आसपास स्पायरल आर्टरींच्या भोवतीच्या पेशी गुबगुबीत व्हायला लागतात. याला डेसिड्युआ म्हणतात. हे बदल सगळ्यात आधी धमनीभोवतीच दिसतात आणि गर्भ आलेला असो नसो दर महिन्याला होतात. उंदरांमध्ये तसं नाही, तिथे गर्भ येऊन चिकटला की मगच हे सुरू होतं, म्हणून उंदरिणीच्या शिरेत निळा रंग टोचला तर पिशवीत जिथे जिथे गर्भ चिकटलाय तिथे तिथे निळे पट्टे उमटतात, कारण तेवढ्याच जागी वाहिन्या पाझरत असतात. गर्भ नेमका कुठे रुजतोय हे शोधायला लॅबमध्ये ही युक्ती १९६० पासून वापरतात.

माणसात गर्भ ओव्ह्युलेशननंतर साधारण ८ ते १० दिवसांनी रुजतो. विलकॉक्स यांच्या १९९९ च्या अभ्यासात टिकलेल्या गरोदरपणांपैकी ८४ टक्के या तीन दिवसांतले होते. आणि इथे लोकांचा एक गैरसमज असतो की गर्भ थेट धमनीला जाऊन तोंड लावतो. तसं नाही. गर्भाची बाहेरची पेशींची फळी अस्तरात घुसते, तिच्यात पोकळ्या तयार होतात, आणि वाटेत लागलेल्या आईच्या केशवाहिन्या कुरतडल्या गेल्या की त्यातलं थोडं रक्त या पोकळ्यांत झिरपतं. झिरपतं फक्त, दाबाने वाहत नाही.

आणि मग ती तोंडं बंद होण्याची गोष्ट. गर्भाच्याच काही पेशी स्पायरल आर्टरींच्या तोंडातून आत उतरतात आणि तिथे गोळा होऊन बूच मारतात. तू वाचलंस ते बरोबरच होतं. बुचातून प्लाझ्मासारखा द्रव थोडा जातो, तांबड्या पेशी फारशा जात नाहीत. ८ ते १० आठवड्यांना वारेतल्या ऑक्सिजनचा दाब मोजला तर तो पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या आतबाहेर भरतो, १२-१३ आठवड्यांना ६० च्या आसपास. एवढी मोठी उडी बुचं सुटल्यामुळे. तोवर गर्भ जगतो तो अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावावर, त्यात ग्लायकोजेन असतं, चरबी असते, वाढीला लागणारी प्रथिनं असतात.

मग असं का? तर हेच ते आठवडे जेव्हा हृदय, मेंदूची नळी, हातपाय सगळं घडत असतं, आणि ऑक्सिजनच्या ज्वलनातून निघणारे फ्री रॅडिकल्स निस्तरायची एन्झाइम्स वारेकडे तेव्हा पुरेशी नसतात. जास्त ऑक्सिजन त्या वेळी बाधतो. केंब्रिजचे ग्रॅहॅम बर्टन आणि लंडनचे एरिक जोनिओ यांनी हे बरंच लावून धरलं. गर्भपात होऊ घातलेल्या बऱ्याच जणींमध्ये उलट असं दिसलं की आईचं रक्त वारेत वेळेआधीच आणि सगळीकडून घुसलंय, कारण बूच कच्चं बसलं होतं. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत बाळाकडे भरपूर रक्त पोचवणं हे पिशवीचं ध्येयच नसतं, ती ते अडवून धरत असते. हे एवढं लक्षात ठेवलंस तर ग्रुपवरचे निम्मे उपाय आपोआप गळतील.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की बुचं किती घट्ट यावर सध्या वाद आहे. अलीकडे कॉन्ट्रास्ट टोचून केलेल्या काही सोनोग्राफ्यांमध्ये ६-७ आठवड्यांतही थोडा प्रवाह दिसलाय, त्यामुळे कुलूपबंद म्हणण्यापेक्षा हळूहळू सैल होणारं बूच म्हणणं जास्त बरोबर. आणि सैल होण्याची सुरुवात कडेने होते. वारेची जी बाजू पुढे विरून नुसती पातळ पडदा होऊन राहते तिथे आधी रक्त येतं, आणि ती विरते ती बहुतेक त्या ऑक्सिजनमुळेच.

पाऊसवेडी

बाप रे ताई, दोनदा वाचलं. थँक यू! म्हणजे आत्ता ट्रान्सफरच्या आधी जे डॉपलरवर (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) दिसतंय ते आणि नंतर जे होणार ते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं समजू का? आणि रोज बघता म्हणालात ते कसं दिसतं?

स्लाइडवाली

हो, वेगळ्याच. झोन २ म्हणजे अस्तराच्या बाहेरच्या कडेच्या आसपास रंग दिसतोय, आतपर्यंत दिसत नाहीये. तो त्या दिवसाचा, त्या मशिनवरचा, त्या सेटिंगचा फोटो. या झोनवरून गर्भ लागेल की नाही सांगायचे प्रयत्न खूप झालेत पण निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे झोन २ वाचून झोप घालवू नकोस. पुढे ती धमनी कशी बदलेल हे आत्ताच्या डॉपलरला दिसूच शकत नाही, कारण ते काम अजून सुरूच झालेलं नाही.

कसं दिसतं ते सांगते. गर्भपातानंतर पिशवी साफ करतात तेव्हा निघालेला भाग फॉर्मॅलिनच्या बाटलीतून आमच्याकडे येतो. स्लाइड लावून १० च्या लेन्सखाली बघितलं तर डेसिड्युआच्या मोठ्या फिकट गुलाबी पेशी फरशीसारख्या लागून बसलेल्या असतात, आणि मध्येच चारपाच छोटी वर्तुळं एकत्र दाटीने. नवीन रेसिडेंट विचारतो एवढ्या वाहिन्या एकाच जागी कशा, तर ती एकच असते, मळसूत्री असल्यामुळे सुरी एकीलाच चारदा कापून गेलेली. साध्या ठिकाणी तिच्या भिंतीत स्नायूपेशींची लांबट केंद्रकं गोल फेर धरून दिसतात. गर्भ रुजलेल्या जागी मात्र स्नायू गायब, त्याच्या जागी गडद गुलाबी, पुसट कडांचा फायब्रिनॉइड नावाच्या प्रथिनमय पदार्थाचा पट्टा, आणि नळीच्या पोकळीत किंवा भिंतीतच मोठ्या काळपट केंद्रकांच्या राकट पेशी. त्या आईच्या नव्हेत, गर्भाकडच्या. कधीकधी वारेचा एकही झुबका त्या तुकड्यांत सापडत नाही आणि क्लिनिशियनला धास्ती असते की गर्भ ट्यूबमध्ये तर नाही ना राहिला. अशा वेळी अशी एक बदललेली धमनी दिसली तरी गर्भ पिशवीत रुजला होता हे रिपोर्टवर लिहिता येतं. मी अशी धमनी शोधायला पुन्हा पुन्हा मेणात बसवलेले तुकडे (ब्लॉक) कापायला लावलेत, टेक्निशियन वैतागतात.

गोठ्यातला_डॉक्टर

स्लाइडवाली ताई, झकास. मी जनावरांचा डॉक्टर, सोलापूरकडे असतो, त्यामुळे थोडं अवांतर करतो.

ताईंनी सांगितलं ते अस्तर कुरतडून धमनीत घुसणं, हे आमच्या गायीम्हशीत होतच नाही. गायीचा गर्भ तीनएक आठवडे पिशवीत नुसता लांबत असतो, आधी गोल मग दोरीसारखा, आणि तोवर सगळं पोषण ग्रंथींच्या स्रावावर, आमच्या पुस्तकांत त्याला गर्भाशयाचं दूधच म्हणतात. मग चिकटतो तोसुद्धा वरच्या वर. पिशवीत आतून शंभरेक बोंडं असतात त्यांच्यावर वारेची बोंडं बटणासारखी बसतात, आईच्या वाहिन्या शाबूत राहतात, रक्त कुठेही उघडं पडत नाही. म्हणून गाय व्यायल्यावर जार (वार) पडतो तेव्हा बाईसारखं रक्त जात नाही. आणि जार अडकला की ती बोंडं सुटत नाहीत म्हणून अडकतो. शेतकरी हाताने ओढा म्हणतात, ओढू नये, बोंडं फाटतात.

याचा दुसरा परिणाम सगळ्यांना माहीत असतो, कारण मात्र माहीत नसतं. मधे एवढे पडदे असल्याने गायीच्या अँटीबॉडीज वासरात उतरत नाहीत. वासरू जन्मतं ते कोरं. पहिल्या काही तासांत चीक पाजला नाही तर रोगाला बळी पडतं. माणसात वारेचा पापुद्रा थेट आईच्या रक्तात भिजलेला असतो आणि तो अँटीबॉडीज ओढून आत घेतो, त्यामुळे तुमचं बाळ काही संरक्षण घेऊनच येतं. म्हणून माझं सांगणं, खरवस खा पण पहिला चीक वासराला.

खवचट_खान

इम्प्लांटेशनच्या धाग्यावर खरवस. हे फक्त आपल्याकडेच होऊ शकतं. पण गोठ्यातले डॉक्टर, मग माणसाला ही घुसखोरी परवडते कशी? गायीचं बरं चाललंय की तिकडे.

वैदेही_व

खानसाहेब, परवडत नाही कधीकधी, त्याचं उदाहरण मी. पहिल्या वेळी सहावा महिना संपेपर्यंत सगळं छान आणि मग एकदम बीपी चढलं, लघवीत प्रोटीन, पायावर सूज, डोकं फुटतंय असं दुखायचं. प्रीएक्लॅम्पसिया. लेक लवकर काढावी लागली, काही आठवडे एनआयसीयूत होती, आता धिंगाणा घालते. तेव्हा मला वाटत होतं मी मीठ जास्त खाल्लं, ऑफिसचं टेन्शन घेतलं, म्हणून झालं. दुसऱ्या वेळी नवीन डॉक्टर बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं की याचं मूळ पहिल्या तीनचार महिन्यांत असतं, त्या धमन्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत तर पुढे बीपी चढतं, आणि त्यात तुझा काही दोष नाही. मला रडूच आलं तिथे. त्या वेळी एनटी स्कॅनसोबत (तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी) युटेराइन डॉपलर केलं आणि रात्री घ्यायची ॲस्पिरिन चालू केली.

पण माझा प्रश्न असा की ताई म्हणतात सुरुवातीला रक्त कमीच हवं, आणि मला तर ॲस्पिरिन दिली, मग हे जुळतं कसं?

स्लाइडवाली

वैदेही, छान विचारलंस, कारण दोन टप्पे वेगळे आहेत आणि व्हॉट्सॲपवर त्यांची खिचडी होते.

पहिला टप्पा बुचाचा, तो वर झाला. दुसरा टप्पा धमनी रुंद करण्याचा, तो पहिल्या टप्प्याच्या आतच गुपचूप सुरू होतो आणि पुढे २० आठवड्यांच्या आसपासपर्यंत चालतो. सुरुवात आईच्याच पेशी करतात. डेसिड्युआत एनके म्हणजे नॅचरल किलर पेशी असतात, सुरुवातीच्या महिन्यांत तिथल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ७० टक्के त्याच. नावात किलर आहे म्हणून बायका घाबरतात, काही ठिकाणी त्या दाबायला इंट्रालिपिडची (तेलाच्या द्रावाची) सलाइन पण लावतात ज्याला नीट पुरावा नाही. प्रत्यक्षात या पेशी धमनीच्या भिंतीतला स्नायू सैल करायला मदत करतात. मग गर्भाकडच्या पेशी दोन वाटांनी येतात, काही नळीच्या आतून, काही बाहेरच्या ऊतीतून, आणि स्नायू, लवचिक पडदा सगळं जाऊन तिथे तो गुलाबी फायब्रिनॉइड बसतो. हे काम अस्तर ओलांडून स्नायूच्या भिंतीच्या आतल्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जातं. धमनीचं तोंड पाच ते दहा पट रुंद होतं आणि मुख्य म्हणजे ती आता आवळू शकत नाही. आई घाबरली, धावली, ॲड्रेनलिन वाढलं, तरी बाळाचा पुरवठा आटत नाही. १९६७ मध्ये ब्रोसेन्स, रॉबर्टसन आणि डिक्सन यांनी हे नीट मांडलं. त्यांनी सिझेरियनच्या वेळी वारेच्या खालच्या जागेचे तुकडे घेऊन, काढलेल्या गर्भाशयांचे काप करून हे शोधलं होतं.

आकडे सांगायचे तर गरोदर नसताना गर्भाशयाला मिनिटाला साधारण ५० मिली रक्त जातं, नवव्या महिन्यात ५०० ते ७५०. आणि गंमत म्हणजे रुंद होण्याचा मोठा फायदा जास्त रक्त हा नाहीच, संथ रक्त हा आहे. बागेतल्या नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं तर पिचकारी लांब उडते, सोडलं तर पाणी पायाशीच वाहतं, तसंच. अरुंद तोंडातून रक्त सेकंदाला एकदोन मीटर वेगाने आलं तर वारेचे झुबके फाटतात, रुंद तोंडातून ते १० सेंटीमीटरच्या आसपास येतं आणि झुबक्यांना ऑक्सिजन टिपायला वेळ मिळतो. प्रीएक्लॅम्पसियात बऱ्याच धमन्या वरवरच बदलतात, खालचा स्नायू तसाच राहतो, रक्त कधी येतं कधी आटतं आणि वेगाने आपटतं. वारेला त्याचा ताण होतो, ती आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडते, आणि ती प्रथिनं आईच्या सगळ्या शरीरातल्या वाहिन्या बिघडवतात. तुझं बीपी सातव्या महिन्यात चढलं पण ठिणगी तिकडे बसली होती. मिठाचा काही संबंध नाही.

ॲस्पिरिन या दुसऱ्या टप्प्यासाठी, आणि तीही जोखीम जास्त असलेल्यांना. ११ ते १३ आठवड्यांना बीपी, युटेराइन डॉपलर, रक्तातलं पीएलजीएफ (वारेकडून येणारं एक प्रथिन) असं सगळं एकत्र करून जोखीम काढतात आणि १६ आठवड्यांच्या आत सुरू करतात, ३६ पर्यंत. २०१७ च्या ॲस्प्रे चाचणीत १५० मिलिग्रॅमने ३७ आठवड्यांच्या आधी होणारा प्रीएक्लॅम्पसिया ६२ टक्क्यांनी कमी झाला. हे भक्कम आहे. पण म्हणून ट्रान्सफरच्या आधी प्रत्येकीने ॲस्पिरिन घेतली की गर्भ लागेल असं होत नाही. अमेरिकेत आधी एकदोन गर्भपात झालेल्या बायकांना दिवस राहायच्या आधीपासून कमी डोसची ॲस्पिरिन देऊन बघितली, २०१४ मध्ये निकाल आला, एकूण गटात जिवंत बाळांच्या संख्येत खात्रीशीर फरक पडला नाही. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम (रक्ताच्या गुठळ्या होण्याचा एक आजार) असेल तर ॲस्पिरिन आणि हेपॅरिन दोन्हीचा उपयोग आहे, ते रक्ततपासणीत कळतं. पाऊसवेडी, तुझ्या डॉक्टरांनी दिली असेल तर त्यांचं काही कारण असेल, विचार. ग्रुपवर वाचून सुरू करू नकोस आणि ग्रुपवर वाचून बंदही करू नकोस.

गरम पिशवीबद्दल राहिलं. स्पायरल आर्टरी प्रोजेस्टेरॉनचं ऐकते, सासूबाईंचं नाही. बीटातल्या नायट्रेटने बीपी जरासं उतरतं हे खरंय, पण पिशवीत गर्भ रुजवायला त्याचा उपयोग होतो असं कुठे सिद्ध झालेलं नाही. आवडत असेल तर कोशिंबीर कर.

डच_देशपांडे

नेदरलँड्समध्ये राहते, धागा उशिरा बघितला. त्या व्हायाग्रातल्या औषधाबद्दल, म्हणजे सिल्डेनाफिल, इकडे एक मोठं प्रकरण झालं होतं. वारेचा पुरवठा कमी पडल्याने वाढ खुंटलेल्या बाळांच्या आयांना ते देऊन रक्त वाढतंय का बघायची चाचणी चालू होती, २०१८ मध्ये मध्येच थांबवावी लागली कारण औषध घेतलेल्या गटात नवजात बाळांना फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांचा त्रास जास्त दिसला, काही बाळं गेली. तो काळ वेगळा होता, उशिराच्या महिन्यांतला, ट्रान्सफरच्या आधी काही दिवस वापरण्याशी थेट तुलना नको, पण रक्त वाढवायचं औषध म्हणजे निरुपद्रवी टॉनिक असं जे बोललं जातं ना ते मला सहन होत नाही.

दुसरं, पाऊसवेडी, तुझं ट्रान्सफर नॅचरल सायकलमध्ये आहे की गोळ्या देऊन अस्तर बनवणारेत? मी इकडे नॅचरलमध्ये केलं, ओव्ह्युलेशन स्वतःचं होऊ दिलं. माझ्या डॉक्टरने सांगितलेलं कारण असं की ओव्ह्युलेशन झालं की बीजकोषात कॉर्पस ल्युटियम तयार होतं आणि ते प्रोजेस्टेरॉनशिवाय रिलॅक्सिनसारखी हॉर्मोन्सही सोडतं जी आईच्या वाहिन्या सैल करतात, आणि नुसत्या गोळ्यांच्या सायकलमध्ये हे कॉर्पस ल्युटियम नसतंच. अशा सायकलमध्ये पुढे बीपीचा त्रास जास्त दिसलाय. पाळी नियमित असेल तर विचारून बघ.

पाऊसवेडी

हे तर मला कुणी सांगितलंच नव्हतं! पाळी नियमित आहे माझी. गोळ्यांचीच सायकल ठरलीये कारण तारीख सोयीची पडते म्हणाले. विचारते नक्की.

आता शेवटचं. मागच्या वेळी बीटा एचसीजीच्या (दिवस राहिलेत का बघायच्या रक्ततपासणीच्या) आधी दोन दिवस थोडे तपकिरी डाग पडले होते, ग्रुपवर सगळ्या म्हणाल्या अभिनंदन इम्प्लांटेशन ब्लीडिंग, मी साखर वाटायची बाकी होते आणि टेस्ट निगेटिव्ह. हे असतं तरी का?

स्लाइडवाली

ऐकून वाईट वाटलं. हार्विल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १५१ गरोदर बायकांच्या रोजच्या नोंदी तपासल्या होत्या, लघवीतल्या हॉर्मोनवरून रुजण्याचा दिवस काढलेला. पहिल्या ८ आठवड्यांत डाग पडलेल्या ९ टक्केच होत्या, आणि त्यांचे डाग रुजण्याच्या दिवसाशी जुळत नव्हते. वर म्हणाले तसं गर्भ आधी केशवाहिन्यांनाच भिडतो आणि स्वतः त्यांच्या भोवती झाकण करून घेतो, त्यातून बाहेर येईल इतकं रक्त निघावं याला फारसा आधार नाही. ट्रान्सफरनंतर डाग पडायला कॅथेटरचा धक्का, खाली ठेवायच्या कॅप्सूलने ग्रीवेला (पिशवीच्या तोंडाला) होणारी चिडचिड, किंवा प्रोजेस्टेरॉन कमी पडणं अशी कारणं असू शकतात. डागांवरून हो किंवा नाही दोन्ही ठरवू नकोस, बीटा एचसीजीच खरी. आणि अंगावर जास्त जायला लागलं किंवा एका बाजूला जोरात दुखलं तर धागा उघडायच्या आधी डॉक्टरला फोन.

वैदेही_व

पाऊसवेडी, लागलं की एक कर, १२व्या आठवड्याच्या स्कॅनला युटेराइन डॉपलर आणि पीएलजीएफबद्दल स्वतःहून विचार. सगळीकडे आपणहून करत नाहीत.

पाऊसवेडी

हो लिहून ठेवलं. आणि सहाव्या आठवड्यात ठोके बघतात तेव्हाच रक्तपुरवठ्याचं डॉपलर करून घेतलं तर आधी कळेल का?

स्लाइडवाली

नको. तेव्हा बुचं असतात, त्यात बघण्यासारखं काही नसतं, आणि इतक्या लहान गर्भावर डॉपलरची ऊर्जा विनाकारण सोडू नये असंच सगळ्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ठोके एम-मोडवर (डॉपलरशिवायच्या साध्या सोनोग्राफीवर) मोजता येतात, तेवढे पुरे. धमन्यांचं डॉपलर ११ आठवड्यांनंतर.